पंचनाम्यावरची सही आणि रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय

"ताई, सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कृषी सहायक आहे. वय ३१. घरात बायको, लहान मुलगी आणि पप्पा. पप्पा निवृत्त शिक्षक आहेत, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आहेत. सध्या अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे चालू आहेत. साहेबांनी एक यादी हातात दिली आणि म्हणाले, बांधावर जायची गरज नाही, सगळीकडे ३३ टक्क्यांच्या वर नुकसान दाखवून सही करून टाक. यादीतले काही गट माझ्या माहितीचे आहेत, तिथं पाणी साचलंच नाही. आणि नदीकाठच्या वस्तीवर ज्यांची उभी कपाशी झोपली, त्यांची नावं यादीत नाहीत. तलाठी आणि ग्रामसेवकांच्या सह्या झाल्या, फक्त माझी राहिली आहे. साहेब विचारतात, तू एकटाच शहाणा का?

पप्पांना सांगितलं तर त्यांनी पवित्र शास्त्र उघडून रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचून दाखवला. जो अधिकाराला आड येतो तो देवाच्या योजनेला आड येतो. म्हणाले, तू सही कर, पाप साहेबांच्या माथी. माझा एक मित्र सेमिनरीत, पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, शिकतो. त्यानं जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याची १५२३ मधली पुस्तिका पाठवली. ती वाचून बळ आलं. मग त्याच ल्यूथरनं १५२५ मध्ये शेतकऱ्यांविरुद्ध काय लिहिलं ते वाचलं आणि पार गोंधळलो. आमचंही घर शेतकऱ्याचंच. ताई, यातलं खरं काय? माझ्या आत बोलतोय तो विवेक आहे की अहंकार? की सरळ नोकरी सोडून देऊ?"

भाऊ, सलाम.

सही करू नका. नोकरीही सोडू नका. उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही नुसतं उत्तर मागितलेलं नाही, पप्पांच्या वचनाचं आणि ल्यूथरचं काय करायचं हेही विचारलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पप्पांचं वचन. वचन खरं आहे, ते काही मोडीत काढायचं नाही. पण पप्पा दुसऱ्या वचनापाशी थांबले. त्यांना म्हणावं, पुढं वाचा. तिसऱ्यात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की चांगलं काम करणाऱ्याला सत्ताधाऱ्याचं भय नसतं. चौथ्यात तो अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि तोही कशासाठी, तर तुझ्या हितासाठी. आणि पाचव्यात सांगतो की अधीन राहायचं ते नुसत्या शिक्षेच्या धाकानं नव्हे, विवेकबुद्धीसाठीही. म्हणजे ज्या अध्यायाच्या जोरावर तुम्हाला विवेक गुंडाळून ठेवायला सांगितलं जातंय, त्याच अध्यायात विवेक आज्ञापालनाचं कारण म्हणून उभा आहे. ज्या आज्ञेनं विवेकच मारावा लागतो ती आज्ञा या अध्यायात बसवायची कशी, हा प्रश्न तुमच्या-माझ्या आधी दीड-दोन हजार वर्षं लोकांना पडत आलाय.

शिवाय पौल स्वतः कसा वागला ते बघा. फिलिप्पैमध्ये त्याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या त्यांना, गुपचूप जाऊ दे. पौल गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता उघड्यावर मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, असं त्यानं सांगितलं. पुढं रोमन सुभेदार फेस्त याच्यासमोर त्यानं थेट कैसराकडे, म्हणजे सम्राटाकडे, दाद मागितली. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं लिहिणारा माणूस अधिकाऱ्यांनी त्यांचेच नियम पाळावेत म्हणून अडून बसतो, यात मला विसंगती दिसत नाही. येशूचा शिष्य पेत्र याचंही तेच. राजाला मान द्या असं पत्रात लिहिणारा पेत्र न्यायसभेपुढं मात्र माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे असं सांगून मोकळा झाला.

आता ल्यूथर. तुमच्या मित्रानं पुस्तिका पाठवली पण ती का लिहिली गेली ते सांगितलं नसावं. १५२२ च्या सप्टेंबरात ल्यूथरचा जर्मन नवा करार, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं भाषांतर, छापून बाहेर आला. सॅक्सनीची तेव्हा दोन राज्यं होती. ल्यूथर एकात राहत होता. दुसऱ्यात ड्यूक जॉर्जची सत्ता होती, आणि तो ल्यूथरचा कट्टर विरोधक. त्यानं हुकूम काढला की प्रजेनं हे पुस्तक सरकारजमा करावं. बव्हेरियात, ब्रांडेनबुर्गमध्येही असेच हुकूम निघाले. लोक विचारू लागले, आता काय करायचं? एकीकडे पौल म्हणतो अधीन राहा, आणि दुसरीकडे पौलाचंच पत्र जप्त होतंय! त्याला उत्तर म्हणून १५२३ ची ती पुस्तिका आली, ऐहिक सत्तेची आज्ञा कुठवर पाळावी हे सांगणारी.

तिच्यातला सल्ला अगदी व्यवहारी आहे. एक पान, एक अक्षरसुद्धा आपल्या हातानं नेऊन देऊ नका. पण शिपाई घरात शिरून उचलून नेऊ लागले तर नेऊ द्या, हात उगारू नका. सत्तेला शरीरावर आणि मालमत्तेवर हक्क आहे, आत्म्यावर नाही. विचारांना जकात लागत नाही, ही जर्मन म्हणही तो तिथं वापरतो. आणि शहाणा राजा हा दुर्मिळ पक्षी आहे असं एका राजघराण्यातल्या माणसाला अर्पण केलेल्या पुस्तिकेत लिहून ठेवतो. बाबा धीट होता, यात शंका नाही.

तुमच्या कामाचा भाग मात्र शेवटाकडे आहे. राजा चुकीच्या बाजूनं लढाईला निघाला तर प्रजेनं मागं जायचं का? ल्यूथर सरळ नाही म्हणतो. अन्यायाचं काम करायला कुणीच बांधलेला नाही. मग विचारतो, प्रजेला माहीतच नसेल की राजा बरोबर आहे की चूक, तर? तेव्हा म्हणतो की शक्य तेवढा शोध घेऊनही कळलं नाही, तर आज्ञा पाळावी, आत्म्याला धोका नाही.

पप्पांचं "पाप साहेबांच्या माथी" हे त्या दुसऱ्या परिस्थितीसाठी खरं आहे. साहेबांनी एखादं परिपत्रक पाठवलं, त्यामागचं कारण तुम्हाला कळलं नाही, तुम्ही अंमल केला आणि ते चुकीचं निघालं, तर तुमच्यावर बोट ठेवणार नाही कुणी. नोकरीत अशा शंभर गोष्टी असतात. प्रत्येक वेळी विवेकाचा झेंडा घेऊन उभं राहणारा माणूस ऑफिसात कुणालाच नको असतो, आणि मलाही नको. पण इथं तुम्हाला माहीत आहे. कोणत्या गटात पाणी साचलं नाही ते तुम्ही मला पत्रात लिहिलंत. माहीत असताना केलेली सही दुसऱ्याच्या माथी जात नाही.

१५२५ चं काय? त्यावर पांघरूण घालणार नाही. त्या वर्षी मार्चमध्ये जर्मनीतल्या मेमिंगेन शहरात शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या. पाळक निवडायचा हक्क मंडळीला हवा, वेठबिगारी नको, जंगलातलं सरपण मिळावं, अशा त्या मागण्या. बारावी तर असं म्हणते की यातली कोणतीही मागणी शास्त्राविरुद्ध आहे असं दाखवून द्या, आम्ही ती मागं घेऊ. किती सभ्य कागद आहे तो! ल्यूथरचं त्यावरचं पहिलं उत्तर बरं होतं. या बंडाला तुम्हीच जबाबदार आहात असं त्यानं सरदारांना सुनावलं, आणि शेतकऱ्यांना तलवार उचलू नका म्हणून सांगितलं. मग दंगे पेटले, किल्ले जळले, आणि मे महिन्यात त्यानं दुसरी पुस्तिका लिहिली. तिच्यात शेतकऱ्यांना भोसका, झोडा, ठार करा असं आहे. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची फौज कापली गेली. त्या युद्धात एक लाखापर्यंत माणसं मेली असा अंदाज करतात.

ल्यूथरचे वकील म्हणतात की त्याचं तत्त्व बदललं नव्हतं, तलवार उचलू नका हे तो १५२३ मध्येही म्हणत होता. बरोबर आहे. पण ते तत्त्व सर्वांना सारखं लावलं का? १५३० च्या ऑक्टोबरात टोरगाऊला कायदेपंडितांनी त्याच्यापुढं मांडलं की साम्राज्याच्या कायद्यानुसार राजेरजवाडे अन्यायी सम्राटाला हत्यारानं अडवू शकतात. तेव्हा ल्यूथर मऊ झाला, हा कायद्याचा विषय आहे म्हणून त्यानं मान्यता दिली. शेतकऱ्याला नाकारलेली वाट पाच वर्षांत सरदाराला मिळाली. मला हे आजही खुपतं, आणि तुम्हाला खुपलं यात तुमचा विश्वास कमकुवत आहे असं मुळीच नाही. ज्यानं मला वाट दाखवली तो माणूस प्रत्येक वळणावर बरोबर असलाच पाहिजे, हा हट्ट सोडा. ल्यूथरनं स्वतः पोपच्या बाबतीत तेवढंच तर केलं होतं.

गंमत अशी की तुमच्या उपयोगाचा विचार याच अडचणीतून निघाला. सम्राटाला अडवायचं कुणी? सामान्य माणसानं नाही, असं हे सगळे लेखक म्हणत राहिले. मग? १५५० मध्ये माग्डेबुर्ग शहराच्या पाळकांनी एक कबुलीपत्र छापलं. सम्राट पाचव्या चार्ल्सनं लादलेली धर्मव्यवस्था त्यांनी नाकारली होती, आणि शहराला वेढा पडायच्या बेतात होता. त्यांनी लिहिलं की वरचा अधिकारी देवानं नेमलेलं काम सोडून उलट वागू लागला, तर खालच्या अधिकाऱ्यावर त्याला अडवायची जबाबदारी येते. कारण खालचा अधिकारीही वरच्याच्या मेहेरबानीनं बसलेला नाही, त्याचंही पद देवाकडूनच आहे. जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन यानंही हे मांडलं, स्पार्टाचे एफोर (राजांवर नजर ठेवणारे अधिकारी) आणि रोमचे लोकप्रतिनिधी यांचा दाखला देऊन. खासगी माणसानं सोसावं, पण राजाला आवर घालायला ज्यांना नेमलंय ते गप्प बसले तर तो विश्वासघात आहे, असं तो म्हणतो. १५७२ मध्ये फ्रान्सात सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, आणि दोन वर्षांनी कॅल्विनचा वारस बेझा यानं याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता तुमच्याकडे या. तुम्ही आणि पप्पा दोघंही रोमकरांस १३ वाचताना स्वतःला प्रजेच्या जागी बसवताय आणि साहेबांना सत्तेच्या. पण पंचनाम्यावर सही करणारा माणूस प्रजा कसा? त्या कागदावर तुम्हीच सरकार आहात. नदीकाठच्या वस्तीवरच्या माणसाला राज्य म्हणून जे काही दिसतं ते म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि तुम्ही. चौथ्या वचनातला "देवाचा सेवक, तुझ्या हितासाठी" हा साहेबांइतकाच तुमच्याबद्दल आहे, आणि त्यातला "तू" म्हणजे तो कपाशी झोपलेला शेतकरी. पप्पांना हे असं वाचायला सांगून बघा. शिक्षक होते ना, पाठ्यपुस्तकातला धडा त्यांना कुणी खोटा शिकवायला लावला असता तर त्यांनी काय केलं असतं, ते त्यांचं त्यांना आठवेल.

आणि साहेब तरी कुठले राजे? आपल्याकडे राजा कायदा आहे. साहेबांच्या तोंडी सांगण्याला सत्तेची आज्ञा म्हणायला मी तयार नाही. खोटा सरकारी कागद तयार करणं लोकसेवकासाठी गुन्हा आहे. मग सही करणं हीच अवज्ञा ठरते. सोळाव्या शतकातल्या बिचाऱ्या लेखकांना राजाची इच्छा आणि कायदा वेगळे करताना घाम फुटायचा. आपल्याला ते काम संविधानानं करून दिलंय.

अहंकार की विवेक, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे मला आवडलं, कारण खरा अहंकारी तो विचारत नाही. पण तेवढ्यानं सुटका नाही. विवेकाचं नाव घेऊन माणसं भलतंच करतात. सेंट थॉमस अक्विनस हा धर्मपंडित तेराव्या शतकात सांगून गेला की चुकलेला विवेकही माणसाला बांधतो, त्याच्याविरुद्ध वागणं पापच, पण विवेक चुकीचा घडू दिला असेल तर त्या चुकीची जबाबदारीही आपलीच. म्हणून तो तपासून घ्यावा लागतो. तपासायचा कसा, याचा एक दाखला सांगते. कॅथलिक माणसाचा आहे, आपल्या मंडळीत कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

इंग्लंडचा आठवा हेन्री. त्याचा माजी चॅन्सलर, म्हणजे राज्यातला बडा मंत्री, टॉमस मोर. राजानं वारसाहक्काच्या नव्या कायद्याची शपथ सगळ्यांना घ्यायला लावली. एप्रिल १५३४ मध्ये मोरला बोलावलं. बिशपांनी घेतली होती, लंडनच्या धर्मगुरूंनी घेतली होती. मोर नाही म्हणाला. त्यावर आर्चबिशप क्रॅनमरनं जो युक्तिवाद केला तो मोरनं मुलीला, मार्गारेटला, पत्रात लिहून ठेवलाय. क्रॅनमर म्हणाला, तुम्ही शपथ घेणाऱ्यांना दोष देत नाही, म्हणजे तुमची स्वतःची खात्री नाही. पण राजाची आज्ञा पाळायची हे तर खात्रीचं आहे. मग संशयाचं सोडा आणि खात्रीचं धरा. पप्पांचं म्हणणं याहून वेगळं आहे का? मोर क्षणभर गडबडला, हे त्यानंच कबूल केलंय. मग त्याला सुचलं की असं असेल तर जगातला प्रत्येक वाद राजाला हुकूम काढायला सांगून मिटवता येईल. आणि वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती म्हणाला, अख्ख्या राज्याची सभा एकीकडे आणि तुम्ही एकीकडे, तेव्हा तुमचंच मन चुकतंय असं समजा. तू एकटाच शहाणा का, हे तुमच्या साहेबांनी शोधून काढलेलं नाही.

याच पत्रव्यवहारात एक गोष्ट येते. एका खटल्यात बारा ज्युरी. अकरा एका बाजूचे, एकाच भागातले. बारावा साधा, भोळा माणूस, त्याचं मत वेगळं. अकराजण वैतागले. अरे, संगतीसाठी तरी हो म्हण, आमच्यात मिसळ! तो म्हणाला, मिसळतो की. पण उद्या देवापुढं तुम्ही तुमच्या विवेकानं वागलात म्हणून स्वर्गात गेलात, आणि मी माझ्या विवेकाविरुद्ध वागलो म्हणून मला दुसरीकडे पाठवलं, तेव्हा मी तुम्हाला म्हणेन, चला आता माझ्याबरोबर, संगतीसाठी. याल का? तलाठ्यांच्या आणि ग्रामसेवकांच्या सह्या दाखवून कुणी तुम्हाला गळ घातली तर ही गोष्ट मनात असू द्या. मनातच. त्यांना ऐकवू नका.

हीच मोरची कसोटी आहे. त्यानं कुणाला शपथ घेऊ नका असं सांगितलं नाही, दुसऱ्याच्या विवेकात डोकावणार नाही असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. अभ्यास आधी केला होता, तोही दीर्घकाळ. आणि किंमत स्वतः मोजली, ६ जुलै १५३५ रोजी. मात्र हाच मोर सत्तेवर असताना प्रोटेस्टंट पुस्तकं बाळगणाऱ्यांच्या मागं लागला होता, आणि त्याच्या कारकिर्दीत माणसं जाळली गेली. त्याचा कागदावरचा मोठा वैरी विल्यम टिंडल. या टिंडलचं १५२८ मधलं ख्रिस्ती माणसाच्या आज्ञापालनावरचं पुस्तक पप्पांना फार आवडेल, कारण राजा वाईट असला तरी प्रजेनं त्याचा न्याय करू नये असं त्यात ठासून सांगितलंय. पण हे सांगणारा टिंडल स्वतः देश सोडून परागंदा झाला होता आणि बंदी असलेला इंग्रजी नवा करार छापून चोरून इंग्लंडात पाठवत होता! १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारलं आणि जाळलं. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हटलं, दोघंही आपापल्या विवेकापायी गेले. विवेक फक्त आपल्या बाजूच्या माणसाला असतो असं समजणं ही त्या काळची मोठी चूक होती. १५५३ मध्ये जिनिव्हात वेगळ्या धर्ममतापायी सर्व्हेटस या विद्वानाला जाळलं तेव्हा सबास्टियन कास्टेलिओ या दुसऱ्या विद्वानानं कॅल्विनला लिहून उत्तर दिलं की माणसाला मारणं म्हणजे मताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच. असं म्हणणारे तेव्हा फार थोडे होते.

म्हणून एक विनंती. साहेबांपुढं बायबल ठेवू नका. "मी ख्रिस्ती आहे, मला हे चालत नाही" असं म्हणू नका. असं म्हटलं की बाकीच्यांना चालतं असा अर्थ होतो, आणि साहेबांना हा धर्माचा विषय करायला आयतं कारण मिळतं. संविधानाच्या २५ व्या कलमातलं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य थोर आहे, पण इथं ते काढायचं काम नाही. खोटा पंचनामा कुणालाच चालत नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि दोनच वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना पत्रातून बजावलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडचा शब्द न् शब्द मानायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं काढलंय, दुसरं घालून घेणार नाही. त्याच रमाबाईंनी १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांचे काय हाल होतात ते मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापलं. सरकार ख्रिस्ती साहेबांचं, पैसा परदेशातल्या ख्रिस्ती मित्रांचा, तरी छापलं. गव्हर्नरनं ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. रमाबाईंनी तलवार काढली नाही की राजद्रोह केला नाही. जे पाहिलं ते लिहिलं. तुमचंही काम तेच आहे, पाहिलेलं लिहायचं.

आता ते कसं करायचं. साहेबांना "करणार नाही" हे शब्द वापरू नका. दोन ओळींचं पत्र द्या: यादीतल्या अमुक गटांची पाहणी केली, पंचनामे सोबत जोडले आहेत, बाकीच्या गटांची पाहणी अमुक तारखेपर्यंत करून सादर करतो, यादीत नसलेल्या पण नुकसान दिसलेल्या गटांची यादीही सोबत आहे. पत्र आवकला द्या आणि पोच घ्या. फोटो स्थळ-वेळेच्या नोंदीसह काढा. जिथं नुकसान नाही तिथं नाही लिहा, जिथं ३३ च्या वर आहे तिथं तेवढं लिहा, दयेपोटी वाढवूही नका. तरी साहेब म्हणाले की न पाहता सही कर, तर नम्रपणे म्हणा की लेखी द्यावं. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून वागताना ते सांगणं शक्य तिथं लेखी घ्यावं असं त्यांतच आहे. लेखी द्या म्हटल्यावर बहुतेक तोंडी आज्ञा विरून जातात. संघटनेतल्या एखाद्या जुन्या, शांत डोक्याच्या माणसाला आधी सांगून ठेवा. आणि बायकोला. पत्रात पप्पांशी बोलल्याचं लिहिलंत, तिच्याशी बोलल्याचं नाही. बदली झाली तर सामान तिलाही बांधायचंय.

बदली होऊ शकते, गोपनीय अहवालात शेरा येऊ शकतो. नाही येणार असं खोटं आश्वासन मी देणार नाही. त्याची आर्थिक तयारी घरात आत्ताच बोलून ठेवा.

पप्पांचं मन वळवायला जाऊ नका. त्यांना तुमच्या आत्म्यापेक्षा नोकरीची काळजी जास्त वाटत असेल, आणि एका शिक्षकाच्या घरात सरकारी नोकरीचं मोल काय असतं ते मला माहीत आहे. वचन त्यांनी भीतीपोटी काढलं, दुष्टपणानं नाही. रोज रात्रीच्या प्रार्थनेत एक अध्याय वाचत असाल तर तेरावा सातव्या वचनापर्यंत एकदा त्यांच्याकडूनच वाचून घ्या. वाद घालू नका, साहेबांसाठी प्रार्थना करायला सांगा.

राहिला राजीनामा. १९४२ मध्ये नॉर्वेत नाझींच्या कठपुतळी सरकारनं चर्च ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आधी बिशपांनी आणि मग ईस्टरला बहुसंख्य पाळकांनी सरकारी पद आणि पगार सोडला, पण उपासना चालवणं सोडलं नाही. पदावर राहिलं तर खोटं बोलावंच लागेल अशी वेळ आली, तेव्हा ते उठले. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही. तुमच्या पदाच्या कामात अजून खोटं काहीच नाही, एका साहेबाच्या यादीत आहे. तुम्ही उठलात तर त्या खुर्चीवर बसणारा माणूस यादीवर सही करेल आणि नदीकाठच्या वस्तीचा विषय संपेल.

तेव्हा वस्तीपासूनच सुरुवात करा, यादीतले बाकीचे गट नंतर. कपाशी उपटून लोक रब्बीची तयारी करू लागले की नुकसान दाखवायला शेतात काही उरत नाही.